घर्षणाचं ठरलेलं उत्तर

संपादकांचा फोन आला. "मॅडम, दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा. जरा हलकंफुलकं. वाचकांना फिजिक्सची भीती वाटते." मी लिहिते म्हटलं. पण कागद पुढे घेऊन बसले तर गंमत काही आठवेना, संतापच आठवला. तेव्हा ज्यांना हलकंफुलकं हवं असेल त्यांनी खुशाल पानं उलटावीत, पुढे कुठेतरी चकलीची पाककृती असेलच.

मी सगळी नोकरी पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनात केली. दहावीनंतर मुलं तिथे येतात आणि तीन वर्षांनी डिप्लोमा घेऊन कारखान्यांत जातात. माझ्याकडे पहिलं वर्ष असे. वस्तू का हलते, का थांबते, तिला हलवायला किती जोर लागतो, एवढाच माझा विषय. गती, बल, घर्षण ही त्याची भारदस्त नावं. ज्या मुलाला हे कळलं तो पुढे क्रेन चालवो की पूल बांधो, माणसं मारणार नाही, अशी माझी समजूत होती. अजूनही आहे.

हा विषय शिकवताना एक गोष्ट पहिल्या वर्षीच लक्षात आली. मुलांना नियम तोंडपाठ असतात. तोंडी परीक्षेत एका मुलाला जडत्वाचा नियम विचारला. त्याने तो आरतीसारखा एका दमात म्हटला, मध्ये श्वासही घेतला नाही. मी विचारलं, "बरं, बसमध्ये उभा आहेस. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. तू पुढे का फेकला जातोस?" त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर नवीन असेल." वर्गात मी हा किस्सा पुष्कळदा सांगितला, मुलं पुष्कळदा हसली. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं कारण ठाऊक नव्हतं. बस थांबली तरी आपलं शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं, इतकं साधं ते कारण आहे. ते रोज अंगावर येतं, पण पुस्तकातला नियम आणि बसमधला धक्का ही एकच गोष्ट आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रयोगशाळा असते. पुस्तकात लिहिलंय ते खरंच तसं होतं का, हे आपल्या हाताने करून पाहायची ती जागा. मला ती देवळासारखी वाटायची असं लिहिणार होते, पण आमच्या घरी ती उपमा चालली नसती. आमचं घर येरवड्याचं. वडील भंडाऱ्याहून कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर 'असं म्हणतात' हे दोन शब्दही घराबाहेर काढले. कुणी 'असं म्हणतात' म्हणून बोलायला लागलं की वडील तिथेच अडवायचे, "कोन म्हनते? तू पाह्यलं का?" लहानपणी या प्रश्नाचा फार राग यायचा. पुढे भौतिकशास्त्र शिकायला गेले तेव्हा कळलं की तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतात. निदान विचारायला हवा.

आता आमच्या प्रयोगशाळांत चालणाऱ्या एका रिवाजाबद्दल सांगते. बाहेरच्यांना तो ठाऊक नसतो आणि आतल्यांना त्याची लाज वाटत नाही. त्याला म्हणतात रीडिंग बसवणं. प्रयोगात आधी मोजमाप घ्यायचं असतं, मग गणित करायचं आणि शेवटी उत्तर येतं ते लिहायचं. मुलं उलट्या बाजूने निघतात. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उत्तर घेतात, त्यावरून गणित मागे नेतात आणि मग त्या उत्तराला शोभतील अशी मोजमापं टेबलात भरतात. फार तंतोतंत दिसू नये म्हणून एखादा आकडा मुद्दाम जरा इकडेतिकडे करतात. पूर्वी त्यासाठी वरच्या वर्गातल्या मुलाची मनधरणी करावी लागे. आता आख्खं जर्नल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतं. उपकरणाला हात लावायचीही गरज उरत नाही.

आणि हे शिक्षकांपासून लपवून चालतं असं समजू नका. शिक्षकच सांगतात. "उत्तर इतकं यायला पाहिजे, रीडिंग ॲडजस्ट करून आणा." मी वर्गात असं करू देत नसे म्हणून माझ्या विषयाची जर्नलं सगळ्यांत शेवटी पूर्ण व्हायची. सहकारी म्हणायचे, "मॅडम संशोधन करून घेतात." पुण्यात असं म्हणतात तेव्हा ते कौतुक नसतं.

जो प्रसंग सांगायचाय तो मी निवृत्त होण्याआधीच्या वर्षातला आहे. वर्षअखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि तिला दोन परीक्षक लागतात. एक त्याच कॉलेजातला, एक बाहेरचा. दोघांनी मिळून गुण द्यायचे, दोघांनी सह्या करायच्या. त्या वर्षी मला बाहेरची परीक्षक म्हणून सोलापूर रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजात पाठवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते सांगून उपयोगही नाही, कारण हे कुठेही घडू शकलं असतं.

बाहेरच्या परीक्षकाचं स्वागत कसं होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. दारात गुलाबाचं फूल. मग चहा, उपमा, पुन्हा चहा. "मॅडम, आपण बसा निवांत, मुलांचं काय, ती करतायत." परीक्षकाने केबिनमध्ये बसावं, दुपारी जेवावं, तयार गुणपत्रकावर सही करावी आणि उन्हं कलायच्या आत घरी जावं अशी अपेक्षा असते. मी उपमा खाल्ला, कारण चांगला होता, आणि उठून प्रयोगशाळेत गेले. तिथले परीक्षक जगदाळे सर माझ्या मागे धावत आले.

मुलांना घर्षणाचा प्रयोग होता. तो अगदी सोपा आहे. टेबलावर एक आडवी फळी, तिच्यावर लाकडी ठोकळा. ठोकळ्याला दोरा बांधलेला, दोरा फळीच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडलेला आणि त्याला एक पारडं टांगलेलं. पारड्यात एकेक वजन टाकत जायचं. सुरुवातीला ठोकळा ढिम्म हलत नाही, कारण तो आणि फळी एकमेकांना धरून असतात. ते धरून ठेवणं म्हणजेच घर्षण. वजन वाढत वाढत एका क्षणी ठोकळा सुटतो आणि घसरायला लागतो. त्या क्षणी पारड्यासकट किती वजन होतं ते बघायचं आणि त्याला ठोकळ्याच्या वजनाने भागायचं. जो आकडा येतो त्यावरून फळी किती खरखरीत किंवा किती गुळगुळीत आहे ते कळतं. खरखरीत फळीला मोठा आकडा, गुळगुळीत फळीला छोटा. बस, एवढंच. हे ज्याला समजलं त्याला पावसात दुचाकी का घसरते तेही समजलं.

मी उत्तरपत्रिका चाळायला लागले. पहिल्याचं उत्तर शून्य पूर्णांक चार आणि वर थोडंसं. दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही. लाकडावर लाकूड घासलं की साधारण एवढंच येतं, त्यामुळे मला आधी काही खटकलं नाही. मग एका मुलीचं उत्तर दिसलं ते बरोबर निम्मं होतं. तिचं नाव पूनम. लोणी काळभोरकडून बसने यायची, वडील फुलांची शेती करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसली ती कोपऱ्यातल्या टेबलापाशी खाली मान घालून उभी असलेली एक बारीकशी पोर.

जगदाळे सर हळू आवाजात म्हणाले, "ती जरा हट्टी आहे, मॅडम. वर्षभर हेच चाललंय. जर्नलमध्ये पण हेच उत्तर लिहून आणलं, मी तीनदा परत केलं. ऐकतच नाही. मी तिला नापासच धरलंय." गुणपत्रकावर तिच्या नावापुढे पेन्सिलीने आकडा लिहिलेलाही होता. परीक्षा अजून चालू होती, हे कृपया लक्षात घ्या.

मी पूनमजवळ गेले. "कसं काढलंस हे?"

"करून काढलं, मॅडम."

"बाकी सगळ्यांचं दुप्पट आलंय."

"व्हय. पण माझं एवढंच येतंय. मी सारखं करून बघितलं. सर म्हणत्यात चूक हाय, पण कुठं चूक हाय ते सांगत न्हाईत." तिचा आवाज कापत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. मग म्हणाली, "ह्यात नापास झाले तर विषय राहतोय, मॅडम. पण मग मी लिवू काय? जे होतंय ते सोडून काय लिवू?"

परीक्षक म्हणून इतकी वर्षं फिरले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी फळीवर हात ठेवला आणि तो सर्रकन पुढे गेला. फळीवर सनमायका लावलेला होता. नवाकोरा, चकचकीत, आमचा ओटाही नाही इतका गुळगुळीत. मी चौकशी केली तेव्हा कळलं की वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजची तपासणी करायला एक समिती येणार होती. तिच्या डोळ्यांत भरावं म्हणून सगळ्या टेबलांना आणि टेबलांबरोबर प्रयोगाच्या फळ्यांनाही सनमायका मारून घेतला होता. जुन्या जर्नलांतलं उत्तर साध्या लाकडी फळीचं होतं. फळी बदलली, उत्तर मात्र बदललं नाही. वर्षभर आख्खा वर्ग सनमायकावर प्रयोग करत होता आणि लाकडाचं उत्तर लिहीत होता.

खात्री करावी म्हणून मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला म्हटलं, "माझ्यासमोर एकदा करून दाखव." त्याने पारड्यात वजन टाकलं, मग दुसरं टाकलं, आणि ठोकळा सुळकन घसरून कप्पीवर जाऊन आपटला. मुलाने ठोकळ्याकडे असं पाहिलं, जसं चारचौघांत काही भलतंच बोलून टाकणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं. मग शांतपणे ठोकळा जागेवर ठेवला, वजनं काढली आणि कागदावर दुप्पट वजनाचा आकडा लिहिला. माझ्यासमोर. मी विचारलं, "हे कुठून आलं?" तो म्हणाला, "मॅडम, एवढ्याला घसरायला पाहिजे ना." ज्या डोळ्यांनी त्याने ठोकळा घसरताना पाहिला त्याच डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो मुलगा ढ नव्हता. नंतर समजलं, वर्गात पहिला होता.

माझं डोकं फिरलं. मी जगदाळे सरांना टेबलापाशी बोलावलं आणि त्यांनाच करायला सांगितलं. त्यांनी केलं. ठोकळा घसरला. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा घसरला. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ते म्हणतील, अरेच्चा, पोरगी बरोबर होती. ते म्हणाले, "मॅडम, जुनी फळी मागे खोलीत आहे. आणू का? मग उत्तर जुळेल."

मी हे वाक्य आजवर अनेकांना सांगितलं आहे आणि दर वेळी सांगताना मला नव्याने राग येतो. उत्तर चुकलंय हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्यावरही या माणसाला उत्तर बदलावंसं वाटलं नाही, त्याला फळी बदलावीशी वाटली.

जगदाळे सर वाईट होते असं मात्र मी म्हणणार नाही. कंत्राटावर होते, पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची खात्री नव्हती. नंतर पायऱ्यांवर ते मला म्हणाले, "मॅडम, मी एकटा तीन विषय घेतो. एकामागून एक बॅच. उत्तर आधी ठरलेलं नसेल तर एवढी जर्नलं मी तपासायची कशी? प्रत्येकाचं खरं उत्तर शोधत बसलो तर घरी कधी जाऊ?" त्यांना असं वागायला लावणारे सनमायका मारून समितीला चहा पाजत होते. पण म्हणून त्या पोरीला तीनदा परत पाठवताना त्यांना एकदाही फळीला हात लावून बघावंसं वाटलं नाही, हेही मला विसरता येत नाही.

प्राचार्य आले. त्यांना कुणीतरी बोलावलं होतं. अतिशय गोड माणूस. "अहो मॅडम, आपण इतक्या अनुभवी. एका मुलीसाठी आख्ख्या बॅचला कशाला त्रास? तिला करा की पास. आमची काहीच हरकत नाही."

मी म्हटलं, "तिला पास करणं म्हणजे मेहेरबानी नव्हे. तिचं एकटीचं बरोबर आहे."

"असेल, असेल. मग बाकीच्यांचंही बरोबर धरा. पुस्तकाप्रमाणे आहे ना ते?"

"पुस्तक या टेबलावर नाही, सर. या टेबलावर फळी आहे."

ते हसले. पुण्यात अशा हसण्यानंतर जेवणाची आठवण करून देतात. त्यांनी दिली. मी जेवायला गेले नाही. सगळ्या मुलांना उत्तरपत्रिका परत दिल्या आणि सांगितलं, प्रयोग पुन्हा करा. समोर जे घडेल तेच लिहा, मागच्या वर्षीचं मला नको. मुलं नाराजीनेच हलली. कॉलेजची बस त्यांना घेतल्याशिवाय निघून गेली, काहींच्या घरून फोन यायला लागले. पण त्या दुपारी एकेका टेबलावर मुलांचे चेहरे बदलताना मी पाहिले. एक मुलगी ठोकळा घसरल्यावर चक्क हसली. वर्गात पहिला येणारा तो मुलगा फळीवर हात फिरवत बराच वेळ उभा होता. सगळ्यांचं उत्तर पूनमच्या उत्तराच्या आसपास आलं. पूनमला मी पूर्ण गुण दिले, पेन्सिलीचा आकडा खोडून शाईने लिहिले आणि जगदाळे सरांकडून सही घेतली. रिक्षात बसले तेव्हा पोटात भूक होती आणि मनात मात्र मी स्वतःवर फार खूश होते.

त्या कॉलेजने माझ्याविरुद्ध तक्रार केली. परीक्षक आडमुठ्या आहेत, विद्यार्थ्यांना नाहक मनस्ताप दिला, वगैरे. मला परत तिकडे पाठवलं नाही. यथावकाश निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. जे बोलले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या वर्गात रीडिंग बसवणं सुखाने चालू होतं आणि आजही असणार. देश विज्ञानात पुढे चाललाय असं वर्तमानपत्रात वाचते तेव्हा मला ते चकचकीत टेबल आठवतं. मुलांना आपण विज्ञान शिकवत नाही, आज्ञाधारकपणा शिकवतो. आणि त्यासाठी उपकरणं मात्र विकत घेतो.

पूनम मला पुढच्या दसऱ्याला भेटली. झेंडू घ्यायला मी मार्केट यार्डात गेले होते. फुलांच्या ढिगामागून हाक आली, "ओ मॅडम." ती वडिलांबरोबर माल घेऊन आली होती. चेहरा भरला होता, आवाजात आता कंप नव्हता. वडिलांना म्हणाली, "आबा, ह्याच त्या, ज्यांनी मला पास केलं." आबांनी हात जोडले आणि माझ्या पिशवीत ओंजळी भरभरून फुलं टाकली. मी नको नको म्हणत राहिले.

मी विचारलं, "दुसरं वर्ष कसं चाललंय? प्रॅक्टिकलला त्रास नाही ना आता?"

"न्हाई, मॅडम. आता एकदम मस्त. जर्नल सगळ्यांत आधी माझंच सही होतंय."

मला वाटलं, जगदाळे सर सुधारले. मी तसं विचारलंही. ती फुलं सारखी करत सहज म्हणाली, "सर तसंच हायत. त्या परीक्षेनंतर पोरं लई बोलली मला. तुझ्यामुळं बस चुकली, तुझ्यामुळं परत करायला लागलं. कोण शेजारी बसंना. मग मी म्हटलं, कशाला उगाच. आता मी दोन्ही करते. आधी खरं काय येतंय ते करून बघते, एकटीच. मग सरांना पाहिजे ते लिवते. त्यांचं बी भागतंय, माझं बी."

"आणि खरं काय येतं ते?"

"ते मला ठाऊक असतंय की, मॅडम. फक्त लिवत न्हाई." ती मनापासून हसत होती. आपण शहाण्या झालो हे मला सांगताना तिला आनंद होत होता, आणि मलाही तो होणार नाही असं तिला वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

मी पिशवी उचलली आणि तिला नीट अभ्यास कर म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? गेटपर्यंत येता येता राग इतका अनावर झाला की रिक्षावाल्याला पत्ताही धड सांगता येईना. राग तिच्यावर नव्हता. ज्या दिवशी मी खूश होऊन घरी आले त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत खरं लिहिणारी एक तरी मुलगी होती. आता तिथे एकही नाही.